हिरव्या दोऱ्याचे बाण

ही गोष्ट मी अजून कुणाच्याही कानावर घातलेली नाही. बायकोच्या नाही, आमच्या रविवारच्या मंडळीतल्या कुणाच्या तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि बाणांबद्दल तुम्हाला काही ठाऊक नसेल, तर आधी ते समजावण्याच्या निमित्तानं मला थोडा वेळही मिळेल.

सीताबर्डीला माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी एकच प्रश्न विचारतो. डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि म्हणायचं — हे बरं की ते बरं? पंचवीस वर्षं हेच करतोय, पण कंटाळा नाही. कुणाला काय दिसतं, कसं दिसतं, हे मला जाणून घ्यायचंच असतं. खोड आहे ती. घरचे म्हणतात, याला प्रत्येक गोष्टीचा स्क्रू उघडून पाहायचा असतो.

तिरंदाजीला मी त्या खोडीपायीच लागलो. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर आम्ही आठ-नऊ जण जमतो. साधी लांब लाकडी धनुष्यं. बाण मुठीवर टेकवायचा, ओढायचा, सोडायचा. आता गंमत पाहा. बाणाचं टोक लक्ष्याकडे असतं, पण सुटताना वाटेत धनुष्याचं लाकूडच आडवं येतं. मग तो जातो कसा? तर वाकून जातो. दोरीचा धक्का बसला की बाण लवतो, लाकडाला वळसा घालतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस माझं दुकानात लक्ष नव्हतं.

म्हणून बाण निवडणं हेच खरं काम. जोरकस धनुष्याला ताठ बाण लागतो, हलक्या धनुष्याला लवणारा. हलक्या धनुष्याला ताठ बाण दिला, तर तो वळसाच घेत नाही; उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. दर वेळी, तेवढाच डावीकडे. आणि वरून पाहाल तर दोन्ही बाण सारखेच.

ते ओळखायला मी एक फळी केली होती. दोन खिळे, त्यांवर बांबूची काडी आडवी, मधोमध किलोचं वजन टांगायचं आणि काडी किती लवते ते फुटपट्टीवर पाहायचं. सगळ्यांचे बाण मीच निवडायचो, मीच पिसं चिकटवायचो, आणि पिसांच्या खाली ज्याच्या-त्याच्या रंगाचा दोरा गुंडाळायचो. माझा लाल, वंदनाताईंचा हिरवा. कुणी कधी तपासून पाहिलं नाही. कशाला पाहतील?

वंदनाताई — आता त्यांच्याकडे यावंच लागेल.

मूळच्या काटोलच्या. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करतात. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. चष्मा करायला आल्या तेव्हा मीच त्यांना मैदानाचं सांगितलं, कारण असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. हे बरं की ते बरं विचारलं की लोक चाचरतात, पुन्हा दाखवा म्हणतात. या बाई काच ठेवताक्षणी सांगायच्या — हे. आणि ते बरोबर असायचं. मैदानावरही तसंच. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दवाखान्यात दिवसभर उभं राहणं. "आठवड्यात एवढे दोन तासच माहे आहेत, भाऊ," असं एकदा म्हणाल्या होत्या. हे ऐकून मी मान हलवली होती. समजून घेतलं होतं असं नाही.

आमच्यात दसऱ्याला धनुष्यांची पूजा होते, आणि त्या वर्षी ज्याचा हात सगळ्यात चांगला चालला त्यानं पहिला बाण सोडायचा, अशी पद्धत. लागोपाठ चार वर्षं तो मी सोडला होता. पाचव्या वर्षी पोळ्यापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की या दसऱ्याला पहिला बाण वंदनाताईंचा.

मग मी काय केलं?

एका गुरुवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पिसांच्या दुरुस्तीसाठी सगळ्यांचे बाण माझ्याकडेच होते. माझं धनुष्य जोरकस, वंदनाताईंचं हलकं. मी माझ्या ताठ बाणांतले सहा घेतले, लाल दोरा सोडला आणि हिरवा गुंडाळला. स्वतःला म्हणालो — पाहू तरी! एवढा पक्का डोळा आहे, तर बाण चुकीचा असला की तो काय करतो? नुसता प्रयोग, दोन रविवारांचा. उत्सुकता होती का? होती, खरंच होती. पण तेवढीच असती तर मी माझ्याच धनुष्याला चुकीचे बाण लावून पाहिले असते. नाही का? माझा जळफळाट होत होता. एवढं साधं आहे ते.

पहिल्या रविवारी त्यांचे सहाच्या सहा बाण वीतभर डावीकडे. दुसऱ्या रविवारी तेच. त्यांनी उभं राहणं बदललं, कोपर बदललं, श्वास बदलला. शेवटी मला म्हणाल्या, बाण एकदा फळीवर पाहता का? मी त्यांच्यासमोर एक-एक बाण खिळ्यांवर ठेवला, वजन टांगलं, पट्टीवर वाकलो आणि म्हणालो, अगदी बरोबर आहेत. त्यांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या रविवारी मात्र मी थक्क झालो. त्या उजवीकडे नेम धरू लागल्या होत्या. मधल्या ठिपक्यापासून वीतभर बाहेर — आणि बाण बरोबर मधोमध. कुणी सांगितलं नव्हतं. चुकीच्या बाणाशी त्यांनी स्वतःला जुळवून घेतलं होतं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या नेमाचाही कधी झाला नव्हता. आणि लाजही इतकी कधी वाटली नव्हती.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी गुपचूप दुरुस्ती करायला गेलो. दसऱ्याच्या आधीचा रविवार झाल्यावर पिसांच्या निमित्तानं बाण मागून घेतले, पुन्हा दोरे सोडले आणि त्यांचे खरे बाण त्यांना परत दिले. वाटलं, मिटलं. नवा नंबर लागला की पहिले काही दिवस पायरी चुकते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो — मग हे मला कसं सुचलं नाही? की सुचलं होतं? हा स्क्रू मला आजवर उघडता आलेला नाही.

दसऱ्याला धनुष्याला झेंडूची माळ घालून त्या रेषेवर आल्या. त्यांचे मिस्टर आणि मुलगी पहिल्यांदाच पाहायला आले होते. त्यांनी शिकल्याप्रमाणे उजवीकडे नेम धरला. बाण आता सरळ जाणारा होता; तो उजवीकडेच गेला, लक्ष्य लावलेल्या गवताच्या गठ्ठ्याला चाटून मागच्या झुडपात. दुसराही तिथेच. मंडळी म्हणाली, होतं असं कधीकधी. तिसरा त्यांनी सोडलाच नाही.

दोन दिवसांनी दुकानात आल्या. "माहे डोळे पाहा भाऊ. काहून असं होऊन राहिलं, मले काही समजून नाही राहिलं."

मी पाहिले. नंबर होता तोच होता. डोळे उत्तम आहेत, मी म्हणालो. हे खरं होतं — आणि याहून क्रूर मी कुणाशी काही बोललेलो नाही.

त्यांनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा घातला. "मग डोळ्यात काही नाही," म्हणाल्या. "मीच गेली कामातून."

मैदानावर त्या पुन्हा आल्या नाहीत. धनुष्य आणि बाण माझ्याकडे पाठवून दिले, कुणा नव्या माणसाला होतील म्हणून. मी ते कुणाला दिले नाहीत. अधूनमधून हिरव्या दोऱ्याचा एखादा बाण खिळ्यांवर ठेवतो, वजन टांगतो. तो जेवढा लवायला हवा तेवढाच लवतो. पुढच्या दसऱ्याला पहिला बाण मी सोडला. नको म्हणालो नाही.

चष्म्यासाठी त्या अजून माझ्याकडेच येतात. गेल्या महिन्यात आल्या होत्या. मी एक काच धरली, मग दुसरी, आणि विचारलं — हे बरं की ते बरं?

त्या समोरच्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. पुन्हा दाखवा म्हणाल्या. मी पुन्हा दाखवलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा भाऊ. तुम्हाले बरोबर समजते."

मी सांगितलं.