डाव्या पिळाची सांधणी

भूतखेत, आत्मे-बित्मे असलं काही आपण मानत नाय. हे पहिल्यांदाच लिहून ठेवतो, म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं कुणी म्हणायला नको. वय एकोणऐंशी, शाळा चौथीपर्यंत. पण साठ वर्षं येवल्यात पैठणीच्या मागावर काढली. रेशमाच्या बाबतीत माझी बोटं चुकत नायत — गर्व म्हणा हवं तर.

दोन वर्षांमागं हिवाळ्यात आमच्या मंडळींना, गयाला, न्यूमोनिया झाला. नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत ठेवली. तोंडात नळी, मशीन श्वास देतंय, वरून गुंगीचं औषध. भेटायची वेळ दुपारी चार ते साडेचार, तीही एकालाच.

पाचव्या दिवशी आत गेलो तर दोन्ही हात पलंगाला पट्ट्यांनी बांधलेले. मनगटाचं कातडं सुटून आलेलं... कांद्याचा पापुद्रा निघतो तसं. मी आवाज चढवला. सिस्टर धावत आली — सटाण्याकडची पोरगी, दिवसभर पायावर उभी. म्हणाली, आजी सारखी बोटं हलवतात, नळी उपसतील म्हणून बांधलंय. या वयात कातडी कागदासारखी होते, साधी चिकटपट्टी काढली तरी सोबत येते. डॉक्टर त्यापुढचं बोलले. जखम चिघळून विष रक्तात गेलं तर बाईंना ते झेपणार नाय.

मी तिच्या बोटांकडं बघत होतो. अंगठा तर्जनीवर घासत पुढं जायचा, थांबायचा, जरा बाजूला सरकायचा, परत तेच.

"सिस्टर, ही नळी नाय ओढत. सांधणी करतीय."

तिला कळलं नाय, म्हणून इथंही सांगतो. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याची टोकं तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा चिमटीत पीळ देऊन त्यांना जोडायचा. बोटाला जराशी राख लावायची, म्हणजे रेशीम निसटत नाय. हजारो धागे असतात. आमच्या घरी हे बायांचं काम. गया सोळा वर्षांची लग्न होऊन आली, तेव्हा माझ्या आईनं — गया तिला आत्याबाई म्हणायची — तिला दारातल्या उजेडात बसवून शिकवलं. दोघी समोरासमोर, मधी रेशीम, आणि सारखी कुणाची तरी टिंगल — बहुतेक माझीच. मी काय बोलायला गेलो की दोघी गप, मी वळलो की परत हसू. आई डावखुरी, तिचा पीळ उलटा पडायचा. सुनेला म्हणायची, माझं बघून शिकू नको गं, तू उजवाच दे. घरात अशा दोन तऱ्हेच्या सांधण्या. बोट फिरवून मी डोळे मिटून सांगायचो, ही कुणाची. आईला जाऊन एकतीस वर्षं झाली. त्यानंतर डाव्या पिळाचा एक धागा माझ्या हाताखालून गेला नाय.

डॉक्टर हात सोडायला तयार नव्हते. मी म्हणालो कागद आणा, सही करतो. सही, अंगठा नाय. शेवटी सिस्टरच मधी पडली. रोज अर्धा तास, तेही बाबांनी नळीवरची नजर काढायची नाय या अटीवर.

दुसऱ्या दिवशी घरून रेशमाचे दोन झुपके आणले. सिस्टर कुरकुरली, मग धुऊन वाळवून आणायला लावले.

"आजींना कळणार तरी आहे का बाबा?"

"तिला नाय कळलं तरी तिच्या बोटांना कळतंय."

चार दिवस हे चाललं. डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाय... पण धागे जोडले जात होते. नळीकडं हात एकदाही गेला नाय. ते बघून डॉक्टरांनी बांधणंच बंद केलं. सिस्टर सुटलेलं कातडं ओल्या बोळ्यानं हळूच जागेवर बसवायची, वर न चिकटणारी पट्टी. जखम सुकत गेली. पुढं नळीही निघाली.

त्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसून मी तो झुपका बोटांतून फिरवला आणि पहिल्याच जोडावर बोट थांबलं. डावा पीळ. दुसरा डावा, तिसरा डावा. सगळेच.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गुंगीत हात कसाही चालतो. असेल. पण घरी आल्यावर मी गयाला कारण न सांगता उलटा पीळ द्यायला बसवलं. दोन दिवस खपली, एक जोड टिकला नाय. मग वैतागून स्वतःच बोलली, "मला कुठं येतंय ते? दवाखान्यात आत्याबाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या हाताला लागलंय, तू नुसती बोटं ठेव, मी करते."

मी तिच्या पुढ्यातलं रेशीम गोळा केलं. मग विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का?

गयाला मन राखायला खोटं बोलायची सवय नाय. "नाय ओ. कामात होत्या."

गया आज बरी हाय, मनगटावर नुसता पांढरा डाग राहिलाय. ज्या कामाला आई आली ते झालं, तक्रार नाय. पण चारही दिवस मी त्या पलंगाला गुडघा टेकून बसलो होतो. मेलेलं माणूस कसं येतं, ते शास्त्रवाल्यांनी सांगितलं तर ऐकीन, भांडीनही. हातभर अंतरावर बसून आई काम करत होती आणि तिच्या पोराला ती दिसली नाय... हे कसं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाय.