मधल्या पायऱ्या

आमच्या कबनूरच्या घरात भिंतीपलीकडेच कापडाचे यंत्रमाग होते, त्यामुळे बोलणं ही आमच्याकडे चैनीची गोष्ट होती. त्यांतले इकडून तिकडे धावणारे धोटे दिवसभर असे आपटत असायचे की शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागे, आणि दिवसभर ओरडणार कोण? सगळं हातांनी आणि ओठांनी चाले. दोन बोटांची कात्री केली की सुताची तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. आईची मात्र एक खास खूण होती. मनगट उलटं करून बोटं उघडायची, म्हणजे ‘कसं काय? सांग की पुढं.’ समाधान होईपर्यंत ती तो हात खाली घेत नसे, मग तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल.

अशा घरात वाढलेल्या माणसाला पाल्हाळ जमत नाही. मला तर त्याचा रागच यायचा. गणित वाचलं की मधलं सगळं डोक्यात आपोआप उरकायचं आणि कागदावर फक्त उत्तर उतरायचं. आमचे ज्युनिअर कॉलेजचे सर कपाळावर हात मारून घ्यायचे. “उत्तर बरोबर आहे गं, पण आलं कुठनं? आभाळातनं पडलं?” मी मनात म्हणायची, बरोबर आहे ना, मग झालं तर. फिजिक्सलाही तीच तऱ्हा. जिथे पानभर लिहायचं तिथे माझी दीड ओळ.

बारावीचा निकाल लागला आणि त्या दीड ओळींनी मला चांगलंच आडवं केलं. पास झाले होते इतकंच. वडील दोन दिवस माझ्याशी खुणांनीसुद्धा बोलले नाहीत. मग सीईटीचा निकाल आला. ती परीक्षा जणू माझ्यासाठीच काढली होती. संगणकासमोर बसायचं, चारातला एक पर्याय निवडायचा, कसं म्हणून कुणी विचारायचं नाही. पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णवच्या वर होता. वडिलांनी माग बंद ठेवून पेढे वाटले. आमच्याकडे माग बंद ठेवणं म्हणजे केवढी गोष्ट, ते मागवाल्यांनाच कळेल.

पेढे घेऊन सरांकडे गेले, तर त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला. इंजिनिअरिंगला प्रवेश सीईटीवर मिळतो हे खरं, पण बारावीच्या तीन विषयांत मिळून ठरावीक टक्के लागतात, आणि माझे जेमतेम कमी भरत होते. सीईटीत कितीही मिळवलं असतं तरी यादीत नावच येणार नव्हतं. “पुरवणी परीक्षेला बस, मार्क सुधार,” सर म्हणाले. “प्रवेशाच्या फेऱ्या यंदाही लांबणारच. निकाल वेळेत लागला तर शेवटच्या फेरीत बसशील. नाहीतर हा पर्सेंटाइल पुढच्या वर्षी चालत नाही, सगळं पहिल्यापासून.” कोल्हापूरचं इंजिनिअरिंग कॉलेज मी एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. ते आता माझ्या दीड ओळींवर अडकलं होतं.

घरी येऊन पायऱ्या लिहायला बसले. जमेना. दोन ओळी झाल्या की हात उडी मारून उत्तरावर जायचा. वही भिरकावली, रडले. आई पलीकडे कांड्या भरत होती. मागाला लागणारं सूत नळकांड्यांवर गुंडाळायचं, हे तिचं काम. तिनं मला खुणेनं समोर बसायला सांगितलं आणि ओरडून म्हणाली, “मला सांग.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“काय बी कळणार न्हाय. तू सांग की!”

मी तोंडाला येईल तसं सुरू केलं. मागांच्या आवाजात माझे शब्द मलाच ऐकू येत नव्हते, आई फक्त ओठ बघत होती. हात सुतावर, डोळे माझ्या तोंडावर. मध्येच तिनं मनगट उलटं केलं. मी थांबले. बघते तर खरंच एक पायरी गाळली होती. पुन्हा सांगितलं. पुढं पुन्हा मनगट उलटं, पुन्हा तिथंच माझी उडी. मी थक्क झाले. सातवीत शाळा सुटलेली ही बाई इंटिग्रेशनमधली गळती पकडते कशी?

“मला कुठलं कळतंय तुझं गणित!” ती हसून म्हणाली. “तू उडी मारतीस तवा तुझं तोंड मिटतंय, आन् डोळं वर जात्यात. ल्हानपणापास्नं तसंच हाय तुझं. शेजारणीच्या पोरीला मारून आलीस तवाबी मधलं गाळूनच सांगायचीस.”

मग रोज तोच उद्योग. गणित झालं, फिजिक्स झालं, केमिस्ट्री झाली. आई कांड्या भरायची, मी ओरडायची. एकदा दुपारी मी जीव तोडून एक सूत्र सिद्ध करत होते आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. मी थांबले नाही. “म्हणून दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन घेऊन!” हे वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, “काय गं, कुणाशी भांडतीयास?”

आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं मनगट उलटंच होतं. मी त्या शांततेत पुढचं सांगत गेले, म्हणून, त्यावरून, म्हणजेच, आणि शेवटी उत्तर. तोवर मला उत्तर फक्त दिसायचं. त्या दुपारी ते माझ्याच आवाजात पायरी पायरीनं माझ्याकडे चालत आलं. आपल्या डोक्यात एवढं सगळं चालतं हे मला अठरा वर्षं माहीतच नव्हतं. आईनं हात खाली घेतला आणि कांडी बदलली.

पुरवणीचा पेपर लिहिताना समोर पर्यवेक्षक होते, पण मला कांड्यांमागचं आईचं तोंडच दिसत होतं. पुरवण्या मागून घेतल्या, आयुष्यात पहिल्यांदा. निकाल वेळेत लागला, टक्के भरले, आणि शेवटच्या फेरीत कोल्हापूरचं कॉलेज मिळालं. वडिलांनी मोबाइल तीनदा पुसून पाहिला.

प्रवेशाच्या दिवशी आई बरोबर आली. कागद तपासायच्या त्या खोलीत पंख्याखेरीज कसला आवाज नव्हता. एवढ्या शांततेत आई बावरून भिंतीकडेच्या बाकावर बसली होती, पदर घट्ट धरून. टेबलामागच्या प्राध्यापकांनी माझी गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, “सीईटीला एवढे, पहिल्या खेपेला बारावीला एवढे कमी, आणि दोन महिन्यांत हे? कसं काय?”

मी म्हणाले, “अभ्यास केला सर.”

आणि सवयीनं बाकाकडे पाहिलं. आईनं पदर सोडला होता. मनगट उलटं, बोटं उघडी.

मग मी पहिल्यापासून सांगायला लागले. माग, खुणा, दीड ओळ, पेढे, कांड्या, गेलेली वीज. मागची रांग चुळबुळायला लागली. प्राध्यापक हसून म्हणाले, “बरं बरं, पुरे, बाळ.”

आईचा हात अजून खाली आला नव्हता. मी पुढं सांगत राहिले.