बसले का सारे?

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर हातात पेन फारसा आलाच नाही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

बटण दाबायच्या आधी मॅडम माऊसवरचा हात काढायच्या, पडद्यावरच्या एकेका नावावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "बसले का सारे?" तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. हे तर आमच्या मुकादमाचं वाक्य. ऊसतोडीला निघताना ट्रॅक्टर सुरू करण्याआधी तो हेच ओरडतो.

मॅडम रिसोडहून स्कूटीवर आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम करायला यायच्या. आम्ही तोडीला गेलो की लेकरं वसतिगृहात राहतात, त्यांची नावं त्या भरायच्या. आधी कॉम्प्युटरवर अर्जाची तीन पानं होती. आईबापाचं वेगळं, लेकरांचं वेगळं, कारखान्याचं वेगळं. एका वर्षी मधेच नेट गेलं. माझ्या थोरल्याचं नाव चढलं, धाकटीचं राहिलं. तिला उसाच्या फडावर न्यावं लागलं. अख्खा हिवाळा पाचटात गेला, शाळा बुडाली.

मॅडमनी ते मनाला लावून घेतलं. शिकून-विचारून त्यांनी सगळ्यांचं एकच पान बनवलं.

"पान एक हाय मावशी, पण आतमधी डबे येगयेगळे. ज्याचं त्याच्या डब्यात जाते."

आमची पाळी आली तो नावं भरायचा शेवटचा दिवस. धाकटीच्या जन्मतारखेपाशी लाल झालं. पान पुढं जाईना.

"थोरल्याचं तरी घ्या ना," मी हळूच म्हटलं.

"तुमचा ट्रॅक्टर एका लेकराले खाली ठेवून निंगते का?"

"नाई."

"मंग हे बी नाई निंगत. गेले तर सारे, नाई तर कोणीच नाई."

मागून कोणी ओरडलं, "मुकादमीणबाई, आमचा नंबर कवा?"

"थांब जरासा, तुही बी लेकरं मोजाची हायेत!"

असं म्हणून त्या स्कूटीवर शाळेत गेल्या आणि तारीख लिहून आणली. परत बोट फिरलं.

"बसले का सारे?"

"बसले!" चार माणसांत मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

धाकटी आता पाचवीत आहे, माझ्या पुढं गेली. मॅडम लग्न होऊन कारंजाला गेल्या. परवा ट्रॅक्टर आमच्या दारावरून गेला, थांबला नाही. मॅडमना एवढंच सांगायचं राहिलं, की यंदा तुमच्या पानावर आमचं घर नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल सगळी फिटली.