रिठदच्या रस्त्यावरचा मुकादम

भर दुपारी, रस्ता दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मोकळा असताना, तो हात आडवा करायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "थांबा. त्यायले जाऊ द्या."

मग खडी फोडणाऱ्या बाया घमेली उचलून कडेला व्हायच्या.  तो मान किंचित झुकवून मिनिटभर उभा राही, आणि मग हात खाली घेई.

एकदा ओव्हरसियर साहेबांची मोटारसायकलही त्याने अशीच अडवली. कुणासाठी थांबायचं, असं साहेबांनी विचारलं. हा अगदी नम्रपणे म्हणाला, "पुढचे जाऊन राह्यले, साहेब." साहेब इतके गोंधळले, की खरंच थांबले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. मी जवळच्याच मालेगावच्या शाळेत इतिहास शिकवत होतो. सुटीत मला रिठदकडच्या दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला पाठवलं होतं. हा तिथला मुकादम. पन्नाशीचा, काटक.

जेवणाच्या सुटीत तो मला काही सांगायला लावी. एकदा मी रोमन लोकांचं सांगितलं. जग त्यांना आठवतं ते मुख्यतः रस्त्यांसाठी. दगडावर दगड रचून केलेले, सरळ रेघेसारखे. दोन हजार वर्षं झाली तरी काही ठिकाणी अजून शाबूत आहेत.

"अन् ते लोकं कुठी गेले?"

मेले, म्हणालो. त्यांच्या कबरी गावाबाहेर रस्त्याच्या कडेलाच असत. दगडावर कोरलेलं असे, 'वाटसरू, जरा थांब.'

त्याच्या हातातली भाकर तशीच राहिली. तो रस्त्याच्या आखणीत पुढे येणाऱ्या टेकाडाकडे बघत होता.

आठवड्याभरात खोदकाम त्या टेकाडावर पोचलं. तिसऱ्या दिवशी कुदळीखाली माणसाची हाडं लागली. लहान हाताची, त्यात कथलाची बांगडी. ओव्हरसियर साहेबांनी हाडं उपसून फेकायला आणि रस्ता आखणीप्रमाणे सरळ न्यायला सांगितलं आणि ते निघून गेले.

मुकादमाने हाडांवर माती लोटली. कुदळ कुणालाच उचलू दिली नाही. माझ्याजवळ येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "आमच्या लोकायले मसनवट कुठी होती, गुरुजी? इथंच पुरत. माय हाय इथं. दोन बहिनी हायेत."

मी विचारलं, मग रोज आपण ज्यांच्यासाठी थांबतो ते?

"जिवंतपनी गावच्या रस्त्यानं पायात चप्पल घालून जाऊ देत नोते. आता मोकळा रस्ता दिसला, त चालून राह्यले."

ऊन मी म्हणत होतं. मी वळून मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

दोन दिवसांत त्याच्या टोळीने टेकाडाला वळसा घालून दगड बसवले. एकाही बाईने का म्हणून विचारलं नाही. साहेब परत आले तेव्हा वळण पक्कं झालं होतं. ते मोडायला टोळीतलं कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी मुकादमालाच कामावरून काढलं. हजेरीपटातून त्याचं नाव मला खोडायला लावलं. त्या वर्षी हजेरीपटातून नाव जाणं म्हणजे चूल विझणं. मी एक शब्द बोलू शकलो असतो. बोललो नाही.

तो समोर उभा होता. "काटा, गुरुजी," म्हणाला. "पेनाची शाई वाळून राह्यली."

कारंजाकडे कापसाच्या जिनात काम मिळेल, असं तो टोळीतल्या बायांना सांगून गेला. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मी कामावर पोचलो. पण त्याआधीच तो बायकोला घेऊन निघून गेला होता. वळणावर आदल्या संध्याकाळी बारीक मुरूम पसरला होता. त्यावर त्याच्या चपलांचे ठसे होते, शेजारी बायकोचे. आणि त्यांच्या मागोमाग, टेकाडाच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले, आणखी पुष्कळ. सगळे अनवाणी. काही अगदी लहान पावलांचे.

मी कडेला झालो, आणि बाया कामावर येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.