बाहेरच्यांवरचं भाषण

संत्र्याच्या सालीचा आणि भाताच्या तणसाचा वास एकत्र आला की मला काटोलच्या बाजारातली ती सकाळ आठवते. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. काका उलट्या पेटीवर बसून मोबाईलवर तिथली चर्चा ऐकत होते, आणि मध्यप्रदेशातून दरवर्षी येणारा त्यांचा मजूर शेजारी पेट्यांत तणस अंथरून संत्री भरत होता. बाहेरचे लोक आपल्या पोरांची कामं पळवतात, असं एक आमदार ओरडले, तसे काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "बराबर बोलून राह्यला! हाकला सगळ्यायले!" मजुरानेही मान डोलावली. तेवढ्यात परदेशातल्या गोदामात कामाला असलेल्या त्यांच्या मुलाचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला. तिथल्या संसदेतही हेच चाललं होतं, आणि आपल्याला परत पाठवतील म्हणून तो घाबरला होता. "काहून? तू का कोनाचं हिसकून राह्यला?" काका भडकले आणि त्यांची नजर मजुराकडे गेली. मग त्यांनी फोन मजुरापुढे धरला. "तूच सांग गा त्याले, भाईर कसं राहाचं असते." मजुराने हात पुसले, फोन कानाला लावला आणि विचारलं, "दादा, जेवला का?" आजही तसलं भाषण लागलं की माझा हात काकांसारखाच मांडीवर थाप मारायला उठतो आणि मधेच थांबतो.