तोंड रस्त्याकडं

शंकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माधवनगरला मुलीकडे होतो. खरं सांगायचं तर मला आधी त्याच्या गाड्या आठवल्या, मग तो. हे कळलं असतं तर शंकर खूश झाला असता...

लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला हा माझा शाळासोबती कडेगावात परतला आणि उसाच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकून लष्कराच्या जुन्या गाड्या जमवत बसला. लिलावातली जीप, दोन ट्रक, साइडकारवाली मोटारसायकल. बाहेर ‘संग्रहालय’ अशी पाटी त्यानेच रंगवली. तिकीट नव्हतं, पण येईल त्याचा चहा सुमनवहिनींच्या गळ्यात. “लोकांनी पेन्शनीत बंगलं बांधलं, ह्यांनी भंगार आणलं,” असं त्या पाहुण्यांदेखत म्हणत आणि शंकर गालात हसे.

त्याचा हट्ट एकच. प्रत्येक गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं. मागे घेत घेत आत लावण्यात दुपार गेली तरी चालेल. एकदा मी स्कूटर सरळ आत घातली, तर पठ्ठ्याने चहाला हात लावू दिला नाही.

“आदी फिरीव.”

“अरे, मी काय लढाईवर निघालोय?”

“निगायची येळ सांगून येती व्हय रं? तवा काय गाडी फिरवत बसनार?”

मी मुकाट्याने फिरवली. चपलासुद्धा तो बाहेर तोंड करूनच काढायचा.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा गेलो. गाड्यांना गिऱ्हाईक आल्याचं कानावर होतं, आणि वहिनी त्या विकून मोकळ्या होणार याची मला खात्रीच होती. रिकामं शेड बघायची छाती नव्हती, म्हणून आधी घरात शिरलो, पाणी प्यालो, मग मागे गेलो.

गाड्या जागच्या जागी होत्या. जीपच्या चाकांखाली माती ताजी उकरलेली.

“पुतन्यानं धुवाय भाईर काढली नि तोंड आत करून लावली,” वहिनी म्हणाल्या. “मला जेवान ग्वाड लागंना, भावजी. परत फिरवाय लावली.”

“आणि ते गिऱ्हाईक?”

“आलं हुतं. चा पाजून लावलं वाटंला.”

मला फार बरं वाटलं. आणि शंकर आता नाही, हेही तिथेच पहिल्यांदा नीट कळलं.

निघताना दाराशी आलो. येताना घाईत मी चपला कशाही काढल्या होत्या. आता त्या उंबऱ्याशी, शंकरच्या जुन्या चपलांशेजारी, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या.