मनोहरभाऊजींची दोन कार्बोरेटरची मोटार

किस्से साठवायला माळा लागत नाही, शेजारी एक हौशी माणूस लागतो! आमच्या महाल भागातल्या गल्लीत मनोहरभाऊजी होते. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास त्यांनी एक जुनी मोटार घेतली, इंजिन बोअर करून मोठं केलं आणि वर एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले. इंजिनाची भूक वाढली. पण त्याला पेट्रोल किती अन् हवा किती, हे काही केल्या जमेना. गाडी नुसती खोकायची.

त्यांची बायको सुशीला. तिनं सांगून टाकलं, "न खोकता गावाबाहेरची टेकडी चढली, तरच मी बसीन जी!" दारात मोटार उभी, आणि ही माहेरी कन्हानला जाणार बसनं. सगळी गल्ली बघायची. भाऊजींची मान खाली!

* * *

एकदा त्यांच्या अंगणात काळाकुट्ट धूर. मी भिंतीवरून विचारलं, "काय झालं जी?"

"मिक्चर रिच झालं, वहिनी. पेट्रोल जास्त, हवा कमी."

सुशीला आतून ओरडली, "घरात उलटं हाय! हवाच जास्त!"

* * *

रहीम मिस्त्री प्लग काढून रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, चहासारखा भुरा म्हणजे बरोबर. एकदा मी चहा घेऊन गेले, तर त्यानं प्लग माझ्या कपाजवळ धरला आणि डोकं हलवलं.

"अजून बिघाडच आहे का?"

"प्लग तो बराबर है, बाई. चाय में दूध जादा है!"

* * *

दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात का, हे तो रबरी नळी कानाला लावून ऐकायचा. मी कशी मागे राहीन? "मलेबी ऐकू द्या!" एक सारखा फुसफुसत होता, दुसरा गप्प. "अहो, या तर आमच्या घरच्या दोघी जावा!" मी म्हटलं. तेव्हापासून मिस्त्री स्क्रू फिरवताना म्हणायचा, "छोटी बहू को थोडा और बोलने दो!"

* * *

टेकडीचं नंतर पाहू, असं म्हणून मी सुशीलाला एकदा राजी केलं. नवी साडी नेसून तिनं एक पाय गाडीत ठेवला, अन् त्या दिवशी हवा जास्त झालेली. कार्बोरेटर शिंकला, "फट्‌छीं!"

निघताना शिंक! पाय मागे. घरात गेली, पाणी प्यायली, पिशवी उचलून निघाली बसला.

"अवं, मशीन हाय ते!" भाऊजी कळवळले.

"शिंक ते शिंकच!"

* * *

शेवटी पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करता करता गाडी जमली. मांजरासारखी गुरगुरायला लागली! "आधी टेकडी, मग थेट कन्हान!" भाऊजींनी जाहीर केलं. पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी, म्हणून सुशीला मागे बसली. गल्लीच्या तोंडाशी म्हणाली, "थांबा जी, मायसाठी पानं घेते." उतरली, दार लावलं. भाऊजींचे दोन्ही कान इंजिनाकडे. दार लागल्याचा आवाज तेवढा ऐकला आणि गाडी पळवली!

मी निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत आलेच होते. दोघी बसमध्ये बसलो. शेजारधर्म! कन्हानच्या वाटेला, कामठी रोडवर मागून भाऊजी आले, टेकडी चढून-उतरून. आम्ही खिडकीतून हात हलवले, ओरडलो. त्यांनी खुशीत हॉर्न वाजवला अन् बसला मागे टाकलं!

कन्हानला पोचलो तर भाऊजी सासूच्या दारात, बॉनेटमध्ये डोकं घालून. सुशीलाचा आवाज ऐकून, डोकं वर न काढताच म्हणाले, "सांग वं आता मायले, टेकडीवर खोकली का एकदा तरी?"

सुशीलानं पानांचा पुडा आईच्या हातात दिला.

"टेकडीचं मले नाही माहीत जी. पण बसच्या खिडकीतून लई मस्त दिसून राहिली होती!"